वाक्यात उपयोग करा

गुरुवारी रात्री आठला, जुबैलच्या कॅम्पात,
मेसची टेबलं पुसून झाली की इंग्रजीचा तास.
तिलकरत्ने सर फळ्यावर एकच शब्द लिहितात
आणि खडूचा हात पॅन्टला पुसतात.
आजचा शब्द: ऑब्स्ट्रक्शन.

मी तो वहीत आपल्या अक्षरांत उतरवला
तर ब चा पाय मोडला, स चा मोडला,
ट च्या पोटाखाली र लोंबकळत राहिला,
पुढे क, तोही लंगडा.
अपघात वॉर्डासारखा एक शब्द.
म्हणायला गेलो तर जिभेलाच अडला.

"मतलब क्या?" डंबरने कोपराने ढोसलं.
रुकावट, मी म्हटलं.
आणि मग मनात, माझ्यापुरतं:
अडथळा. खोळंबा. आडकाठी. खीळ.
पाइपात असेल तर तुंबलं,
सोयरिकीत असेल तर कुणीतरी मोडता घातला,
मांजर असेल तर आडवं गेलं,
आणि साहेब असेल तर
सर, पुढचा शब्द घ्या.

सर म्हणाले, वाक्य करा. प्रत्येकी एक.
शफीकुल: ट्रक गेटसमोर उभा आहे.
गुड.
डंबर: माझा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात आहे.
"ग्रामर बरोबर आहे," म्हणत सर फळा पुसू लागले,
जिथे काही लिहिलेलं नव्हतं तिथेही.

मग अन्वरभाई परकार, दाभोळचे,
बावीस वर्षं याच कॅम्पात,
शाळेतल्या पोरासारखे हात बांधून उभे राहिले.
"माय डोअर," म्हणाले, आणि थांबले.
माझ्याकडे वळले.
"सांग त्यांना. आमच्या दाराला आतून अडसर आहे.
फणसाचा. मीच तासला,
पहिल्यांदा इकडे निघालो त्याच्या आदल्या आठवड्यात.
हमीदा रोज दिवे घालवले की लावते.
मागच्या सुट्टीला विमान लेट, पहाटे पोचलो,
न कळवता. कडी वाजवली.
आतून म्हणाली, कोण?
म्हटलं, मी.
म्हणाली, मी कोण?"

मला जमेल तसं मी इंग्रजीत सांगितलं.
सर जरा वेळ खडूकडे बघत राहिले.
म्हणाले, दाराच्या दांड्याला हा शब्द लागत नाही.
ती सेफ्टी.
अन्वरभाई "येस सर" म्हणून खाली बसले.

त्याच रात्री तीनला अलार्म.
समुद्र जिथून प्लांटमध्ये ओढून घेतात
त्या जाळीवर जेलीफिश,
आमच्याकडे झार म्हणतात त्या,
थरावर थर, खळीसारख्या थबथबलेल्या,
टॉर्च मारली की आरपार दिसणाऱ्या.
अख्ख्या गावाचं गोडं पाणी त्यांच्यापाठी खोळंबलेलं.
आम्ही दाताळ्यांनी ओढत राहिलो,
हातमोज्यांच्या आतही चुरचुर,
पंपाचा आवाज घशात काही अडकल्यासारखा.
अन्वरभाई वाकले, टॉर्च जवळ नेली.
"यांना कुठे कुणाला अडवायचंय?
पाणी ओढतंय म्हणून आल्या."

पाच चाळीसला जाळी मोकळी.
लॉगबुकात कारणाच्या रकान्यात
मी तो शब्द लिहिला,
वहीत न बघता, एकही अक्षर न चुकता.
अन्वरभाईंनी खाली सही केली,
पेनचं टोपण लावलं, आणि विचारलं,
"हा शब्द बाहेरच्यानं म्हणायचा
का आतल्यानं?"

सरांनी ते सांगितलं होतं का
मला आठवेना.
तेवढ्यात कॅम्पची बस आली,
दारापर्यंत भरलेली.
ड्रायव्हर ओरडत होता, वाट सोडा, आत सरका.
आम्ही सरकलो.